राहुटीला ऊन दाखवताना

माळ्याच्या फळ्या सरकवल्या तेव्हा राहुटी दिसायच्या आधी तिचा वास खाली आला. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा कुबट वास वेगळा, तो दारं-खिडक्या उघडल्या की तासाभरात निघून जातो. हा हटेना. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओल्या गोणपाटाचा आणि तळाशी अळंबीसारखा काहीसा गोडसर. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे हा गोडसरपणा कुठून येतो ते मला ठाऊक आहे. वाढत्या बुरशीतून जी द्रव्यं हवेत सुटतात त्यांतलं एक ऑक्टेनॉल, अळंबीला जो वास असतो तो मुख्यतः त्याचाच. म्हणजे गाठोड्यात अजून काहीतरी जिवंत होतं आणि ते बाबांची राहुटी खात होतं.

गाठोड्याची गाठ माझ्या हातची होती, 2019 च्या सप्टेंबरातली. आम्ही भावंडं मुलाबाळांना घेऊन ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर गेलो होतो. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी निघताना राहुटी ओलीच गुंडाळली. ‘घरी गेल्याबरोबर गच्चीवर पसरते,’ असं मी बाबांना म्हटलं. ते गाडीत बसून होते, त्यांना धाप लागत होती. त्याच रात्री त्यांना दवाखान्यात हलवलं, आणि मग जे सतरा दिवस गेले त्यांत राहुटीची आठवण कुणाला राहणार? दिवसांना पाहुणे येणार म्हणून ओसरी रिकामी करताना ते गाठोडं कुणीतरी माळ्यावर चढवलं. कुणीतरी म्हणजे मीच. उचलताना कापड हाताला गार लागलं होतं. ते मला अजून आठवतं. गार लागण्याचा अर्थ मला तेव्हाही कळत होता.

राहुटी तशी साधी. दोन खांब, त्यांच्यावर आढं, दोन्हीकडे उतरतं कापड, खाली कमरेएवढ्या कनाती, आणि भोवती तणावे नि मेखा. बाहेरून जाड सुती कॅनव्हास, आतून पिवळ्या दोसुतीचं अस्तर. आपल्याकडच्या जुन्या सरकारी तंबूंना असं पिवळं अस्तर असायचं. भर दुपारी आत बसलं की सगळ्यांचे चेहरे हळद लागल्यासारखे दिसत.

बाबा पाटबंधाऱ्याच्या कामावर ओव्हरसियर होते. 1960 साली चंबळवर गांधीसागर धरण आणि कोट्याचं बराज तयार झालं, उजवा कालवा श्योपूर-मुरैन्याकडून भिंडपर्यंत यायचा होता, आणि त्याच्या पोटकालव्यांची आखणी करत बाबांसारखी तरुण माणसं वर्षानुवर्षं रानात राहिली. आईचं लग्न 1969 चं. ग्वाल्हेरला जनकगंजातल्या वाड्यात महिनाभर सून म्हणून वावरली आणि मग बाबांबरोबर जी निघाली ती थेट या राहुटीत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसे तीन पावसाळे काढले. बीहडात, म्हणजे चंबळकाठच्या घळींत, डाकूंचा वावर होता. रात्री कंदील मालवून, आवाज न करता झोपायचं असा दंडक होता म्हणे. 1972 च्या एप्रिलात जौऱ्याजवळ डाकूंनी जयप्रकाश नारायणांसमोर बंदुका ठेवल्या, त्यानंतर दोन महिन्यांनी माझा जन्म झाला आणि आई वाड्यात परत आली ती कायमची. पुढे खात्यानं जुने तंबू लिलावात काढले तेव्हा बाबांनी आपलीच राहुटी बोली लावून सोडवून आणली. ‘सोडवून आणली’ हे शब्द त्यांचे. ते तसंच म्हणायचे, गहाण पडलेला दागिना सोडवावा तसं.

आमचं लश्कर हे गावच मुळी तंबूंचं. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. लश्कर म्हणजे फौज. तळ उठला नाही आणि त्याचं शहर झालं. मोहल्ल्यांची नावं अजून तीच साक्ष देतात. कंपू आहे, शिंदे की छावनी आहे, चिटणीस की गोठ आहे. ही गोठ म्हणजे आपला गोट, सरदाराचा तळ, ‘आतल्या गोटातली बातमी’ म्हणताना आपण ज्याचं नाव घेतो तो. रिक्षावाला ‘गोठ जाना है?’ विचारतो तेव्हा मला दर वेळी त्या शब्दाच्या मागे उभे असलेले घोडे दिसतात.

यातला छावणी हा शब्द मला या वर्षी नव्यानं कळला. छावणी छावण्यावरून, म्हणजे शाकारण्यावरून. मराठी फौजा मोहिमेवर राहुट्यांत राहत, पण पावसाळा आला की छावणी करत, गवतानं शाकारलेल्या झोपड्या घालून चार महिने एका जागी थांबत. नद्या उतरायच्या नाहीत, घोड्यांना चिखल सोसत नाही, ही कारणं पुस्तकांत मिळतात. कापडाचं कारण कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, पण चार महिने ओलं कापड डोक्यावर घेऊन राहिलेल्या माणसाला ते सांगावं लागत नसणार.

पितृपंधरवड्यातल्या एका दुपारी मी आणि भाच्यानं गाठोडं चौकात उलगडलं. वरच्या दोन घड्या बऱ्या होत्या. तिसरी उघडताना चिकटलेले कागद सुटावेत तसा आवाज झाला. आत सगळीकडे ठिपके. काही राखाडी, बोट फिरवलं की पुसले जाणारे. काही काळे, धाग्यांच्या आत मुरलेले. आणि ज्या बाजूला गाठ होती तिथं हातभर जागेत हिरवट-तपकिरी डाग, त्यावर मखमलीसारखी लव. आयलेटं, म्हणजे दोर ओवायची धातूची कडी, कळकली होती, भांड्याला चढतो तसा हिरवा थर त्यांच्यावर होता.

आई पायरीवर येऊन बसली आणि बघत राहिली. मग म्हणाली, ‘बुरा आला गं हिला.’ लोणच्याला येतो तोच बुरा. पापड सादळतात, वेलीवर भुरी पडते, भिंतीला ओल येते, मीठ पाझरतं. आपल्या भाषेनं ओलाव्याचा एकेक उपद्रव ओळखून त्याला नाव दिलंय. मला हे सगळे शब्द आईकडून मिळाले, आणि तिला ते या राहुटीत तीन पावसाळे काढताना कामी आले.

दुसऱ्या दिवशी मी सेलोटेपचे तुकडे निरनिराळ्या डागांवर दाबले, काचपट्टीवर चिकटवले आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले. विद्यार्थ्यांना दाखवायला याहून सोपा प्रयोग नाही. राखाडी डागात क्लॅडोस्पोरियम निघाली, फांद्यांना लागलेल्या जवसासारख्या बीजाणूंच्या ओळी. काळ्या ठिपक्यांत अ‍ॅस्परजिलस, काठीच्या टोकावर काळा गोंडा असावा तशी. या दोघींचं मला फारसं भय वाटलं नाही. त्या बहुतेक वरवरच्या मळावर, हाताच्या तेलकटपणावर, कापडात राहिलेल्या कांजीवर जगतात. बिर्लानगरच्या कापड गिरणीत सायझिंग खात्यात काम केलेले शेजारचे काका सांगायचे की ताण्याला कांजी देताना त्यात झिंक क्लोराइड घालत, कारण सूत विणायच्या आधीच बुरशीला जेवण वाढून ठेवल्यासारखं होई.

पण गाठीजवळच्या हिरवट डागात गडद गोळे होते आणि त्यांच्या अंगावर कुरळे केस. कीटोमियम. तिचे बीजाणू लिंबाच्या आकाराचे, तपकिरी, एकदा पाहिले की विसरत नाहीत. ही कापडावरचं काही खात नाही, कापडच खाते. सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोज तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, हिच्याकडे भरपूर आहेत. त्या जागी मी नखानं दाबून कापड ताणलं. धड कॅनव्हास फाटला तर टर्र करून फाटतो. हा फाटला आणि आवाजच झाला नाही. तो न झालेला आवाज माझ्या फार जिव्हारी लागला.

मी वर्गात दरवर्षी एक हकिगत सांगते, ती त्या क्षणी निराळीच वाटली. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या बेटांवर अमेरिकी फौजेचे तंबू, पट्टे, गणवेश इतक्या झपाट्यानं कुजू लागले की सैन्याला बुरश्यांच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ नेमावे लागले. सॉलोमन बेटांतल्या बूगनव्हिलहून आलेल्या एका कुजक्या सुती तंबूवर एक बुरशी सापडली, तिला क्यूएम6ए असा क्रमांक मिळाला. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि पुढे तिचं नावच ट्रायकोडर्मा रीसी पडलं. तंबू खाणाऱ्या त्याच बुरशीच्या वंशातून आज कारखान्यांना विकरं मिळतात. जीन्स मऊ करायला ती वापरतात, काडीकचऱ्यातल्या सेल्युलोजची साखर करून तिच्यापासून इथेनॉल काढायला वापरतात. ही गोष्ट सांगताना मुलांचे डोळे चमकतात आणि मलाही ती आवडते. पण ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर त्या पावसात गळून पडलं, त्यांचा विचार मी या वर्षी पहिल्यांदा केला.

माझ्या हातून एक चूक आधीच झाली होती, तीही लिहायला हवी. डाग पाहून मला इतकं अपराधी वाटलं की त्याच संध्याकाळी मी ब्लीचिंग पावडर कालवली आणि एका कनातीच्या कोपऱ्यावर ओतली. डाग गेला, कोपरा पांढरा झाला आणि मला वाटलं जिंकलं. चार दिवसांनी त्या कोपऱ्यातली शिवण बोट लावताच उसवली. क्लोरीन बुरशीचा रंग घालवतं आणि त्याबरोबर सुताचाही जीव काढून घेतं. सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटतात, धागा ठिसूळ होतो. जे काम करायला कीटोमियमला पाच वर्षं लागली, ते मी एका कोपऱ्यात चार दिवसांत केलं. ज्यांच्याकडे असं काही जुनं सुती असेल त्यांना हात जोडून सांगते, ब्लीच नको. कपडे धुण्याची पावडरही नको, ती कापडातला पाणी अडवणारा लेप काढून टाकते आणि स्वतः धाग्यांत राहून पुढच्या पावसाला वाट करून देते. आणि एकदा ब्लीच लागलंच असेल तर ते पुष्कळ पाण्यानं पूर्ण काढल्याशिवाय त्यावर व्हिनेगर घालू नका. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मग मी थांबले. आईला विचारलं, ‘तुम्ही तीन पावसाळे कसे काढलेत हिच्यात? तेव्हा बुरा नाही आला?’

‘कशाला येईल?’ आई म्हणाली. ‘ती घडीत होतीच कुठे? उभी होती की सदा. पाऊस थांबला की तुझे बाबा कनाती वर गुंडाळून ठेवायचे, इकडून वारा आत, तिकडून बाहेर. रात्री भिजायची, दुपारपर्यंत सुकायची. कधी नाहीच सुकली तर मी आत शेगडी ठेवायची आणि दोन्ही तोंडं उघडी टाकायची.’

बुरशीला तीन गोष्टी लागतात, खाणं, ऊब आणि ओल. कापड हेच खाणं, ते काढून घेता येत नाही. ऊब ग्वाल्हेरात बाराही महिने, डिसेंबर-जानेवारीची थंडी सोडली तर. राहता राहिली ओल. ओल्या कापडावर एक-दोन दिवसांत बीजाणू रुजायला लागतात, आणि घडीत ती ओल महिनोन्‌महिने टिकते. हे सगळं मी फळ्यावर लिहून शिकवते. कनाती वर गुंडाळायला मात्र आईनं सांगितलं.

घट बसले त्या दिवशी आम्ही राहुटी गच्चीवर उभी केली. गच्चीवर मेख ठोकता येत नाही, म्हणून तणावे दगडी कठड्याला बांधले, एक पाण्याच्या टाकीच्या खांबाला. समोर किल्ला. पहिले तीन दिवस तिला हातच लावला नाही, नुसतं ऊन दाखवलं. पावसाळा सरल्यावर गाद्या, गोधड्या, शालू, पुस्तकं यांना ऊन दाखवायची आपली रीत आहे, आश्विनातलं ऊन त्यासाठीच असतं असं आजी म्हणायची. ओल्या बुरशीला चोळलं तर बीजाणू विणीत आणखी आत जातात. खडखडीत वाळली की तिची पूड होते आणि ती झाडता येते.

चौथ्या दिवशी झाडायला घेतली. लोहिया बाजारातून आणलेला काथ्याचा ब्रश पहिल्या चार हातांतच बाजूला ठेवला, तो लेप खरवडत होता. कपड्यांचा मऊ ब्रश बरा. नाका-तोंडाला मास्क, केसांना ओढणी, वारा पाठीशी. वरून खाली, एकाच दिशेनं. काळपट भुकटी उन्हात धुरासारखी उडायची. आईला दोन दिवस गच्चीवर येऊ दिलं नाही, या वयात ते फुप्फुसात जायला नको. आधी बाहेरची बाजू, मग अस्तराची, मग कनाती, मग सगळ्यात वेळखाऊ ती झालर आणि शिवणी. दुमडलेल्या कापडाच्या चार-चार थरांत बुरशी लपून बसते. तिथं मी जुना टूथब्रश वापरला.

मग व्हिनेगर. किराण्याच्या दुकानात मिळतं तेच पांढरं, एक भाग, त्यात चार भाग पाणी. फवाऱ्याच्या बाटलीनं डागांवर मारायचं आणि तासभर राहू द्यायचं. स्पंजानं हलकं टिपायचं, मग साध्या पाण्यानं पुसून घ्यायचं. आंबट वासानं गच्ची भरली, शेजारच्या वहिनी डोकावून विचारून गेल्या की लोणचं घातलंय का. अस्तरावरच्या डागांना लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवलं, आधी एका न दिसणाऱ्या कोपऱ्यावर रंग उतरतो का ते पाहून. राखाडी डाग पूर्ण गेले. काळे निम्मे राहिले. बुरशी मेली तरी तिचा काळा रंग धाग्यात राहतो. तो मेलॅनिनच्या कुळातला, आपल्या केसांतल्या काळ्या रंगाचा नातेवाईक, आणि तितकाच चिवट. तो घालवायच्या मागे मी लागले नाही. धागा शाबूत असेल तर डाग असू दे.

वाळल्याची खूण आईची. ती म्हणाली, हाताला कळत नाही, गालाला लाव. मी कनातीची शिवण गालाला लावली. गार लागली. ओल उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणूनच माठातलं पाणी गार होतं, आणि म्हणूनच ओसरीवर त्या दिवशी ते गाठोडं मला गार लागलं होतं. मधलं कापड दुपारपर्यंत वाळतं, पण शिवणी, आयलेटांभोवतीचा भाग आणि तणाव्यांचे पीळ यांना आणखी दोन दिवस लागले. मी रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन राहुटीला गाल लावत होते. भाचा ते पाहून काही बोलला नाही, फक्त तिसऱ्या दिवशी त्यानंही लावून पाहिला.

कुजलेला भाग कापून काढावा लागला, हातभर लांब आणि वीतभर रुंद. कंपूत एक म्हातारे कारागीर आहेत, तंबू-शामियाने शिवणारे. त्यांनी कापड बोटांत चुरून पाहिलं, उन्हासमोर धरलं, अस्तरावर हात फिरवला आणि बराच वेळ काही म्हणाले नाहीत. मग म्हणाले, ‘ऐसी दोसुती अब कहाँ।’ ठिगळ त्यांनी जुन्याच कॅनव्हासचं लावलं, कारण नवं कापड पहिल्या पावसात आकसतं आणि जुन्याला ओढून फाडतं. धागाही सुतीच घेतला. मी पॉलिएस्टरचा का नको विचारलं. त्यांनी सुई वर धरून दाखवली आणि सांगितलं की सुईचं भोक धाग्यापेक्षा मोठं असतं, सुती धागा भिजला की फुगतो आणि ते भोक बुजवतो, नायलॉन-पॉलिएस्टरचा फुगत नाही, तिथून थेंब येतो. सबंध कॅनव्हासची युक्तीही हीच आहे. नवा तंबू वापरण्याआधी एकदा-दोनदा भिजवून वाळवतात, त्यानं सूत फुगून वीण घट्ट बसते. पैसे विचारले तर त्यांनी ठिगळाचेच घेतले, शिवण पक्की करून दिल्याचे घेतले नाहीत.

धुऊन-पुसून लेप गेला होता, तो परत द्यायचा होता. बाजारात तयार द्रावणं मिळतात, पण बाबा तुरटी-साबणाची जुनी पद्धत वापरायचे आणि मला तीच करायची होती. साबण खरा हवा, तेलाचा, डिटर्जंटची वडी चालत नाही. बादलीभर गरम पाण्यात तो किसून विरघळवला आणि रुंद ब्रशनं कापडाला पाजला. अर्धवट वाळल्यावर दाल बाजारातून आणलेल्या तुरटीचं पाणी त्यावरून फिरवलं. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम आणि साबणातली मेदाम्लं धाग्यांच्या आतच एकमेकांना धरतात, आणि जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. शेवटी साध्या पाण्याचा एक हात द्यावा लागतो, तुरटीचा आंबटपणा सुतात राहिला तर तोही त्याला खातो. बाबा हे करताना सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलत नसत. मीही बोलले नाही. संपूर्ण राहुटीला दोन दिवस लागले आणि माझी बोटं साबणानं सुरकुतून गेली.

तिसऱ्या दिवशी लोट्यानं पाणी ओतून पाहिलं. एरवी ज्या कापडानं पाणी शोषून घेतलं असतं त्यावर ते थरथरलं, गोळा झालं आणि अळवाच्या पानावरून पळावं तसं उतरणीवरून पळालं. ठिगळाच्या जागीही. ब्लीच ओतलेल्या कोपऱ्यात मात्र थोडं झिरपलं. तिथं मी परत एकदा लेप दिला, पण तो कोपरा आता कायम अशक्तच राहील.

कोजागरीला राहुटी गच्चीवर उभीच होती. दूध आटवलं, केशर-वेलची घातली, वाड्यातली आणि शेजारची मिळून वीसेक माणसं जमली. तरुण मुलं आपसांत हिंदीच बोलतात, पण राहुटीत शिरली की आईला विचारायची, ‘आजी, याला काय म्हणतात? आणि याला?’ आई सांगत होती. आढं. कनात. तणावा. मेख. मोगरी. एक लहान मुलगी वरच्या कापडाला हात लावायला गेली आणि आम्ही तिघं एकदम ओरडलो, ‘हात नको!’ ओल्या राहुटीला आतून बोट लावलं की तिथूनच पाणी गळायला लागतं, हे आमच्यात लहानपणापासून भिनलंय. एकदा भिंडजवळ, लहान असताना, भावानं बोट लावलं होतं आणि रात्रभर थेंब त्याच्याच अंथरुणावर पडत राहिला. बाबांनी त्याची जागा बदलली नव्हती. त्या रात्री कोजागरीचं चांदणं होतं, आभाळात ढगाचा टिपूस नव्हता, तरी आम्ही ओरडलो.

माणसं गेल्यावर आई म्हणाली, ‘माझं अंथरूण इथंच घाल.’ मी थंडीचं नाव काढलं. तिनं ऐकलं नाही. दोघी झोपलो. आत अजून व्हिनेगरचा अगदी पुसट वास होता, आणि त्याच्याखाली मला जो हवा होता तो, उन्हात तापलेल्या सुताचा. आईनं अंधारात विचारलं, ‘आता कुठं ठेवणार हिला?’ मी सांगितलं की माळ्यावर नाही, ओसरीतल्या बाजेवर, सैल गुंडाळून, जुन्या सुती चादरीत. प्लॅस्टिकमध्ये नाही. आणि दर दोन महिन्यांनी उलगडायची. ती ‘बरं’ म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘आढ्याला तुझ्या बाबांनी नाव कोरलेलं होतं, ते आहे का बघ उद्या.’ मी टॉर्च घेऊन तेव्हाच पाहिलं. नाव नव्हतं, आकडे होते, 1969 आणि पुढे तीन रेघा. तीन पावसाळ्यांच्या.

पहाटे मला जाग आली तेव्हा आई आधीच उठून बाहेर उभी होती. किल्ल्याच्या बाजूला नुकतं उजाडत होतं. मी तणाव्याची गाठ सोडायला वाकले, कॉलेजला जायच्या आधी सगळं उरकावं म्हणून. आईनं बाहेरच्या कापडावरून तळवा फिरवला आणि तो माझ्यापुढे धरला. ओला होता.

‘दव पडलंय,’ ती म्हणाली. ‘ऊन वर येऊ दे. मग सोड.’

मी गाठ तशीच ठेवली, दोन्हीकडच्या कनाती वर गुंडाळल्या आणि चहा टाकायला खाली गेले.